वाचकांचे प्रश्न : ग्रीक आणि तुर्क यांचं बिनसलं कुठे?

गेल्या महिन्यात याच पानावर ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधल्या एजियन समुद्रातल्या वाऱ्यांविषयी लिहिताना मी जाता जाता म्हटलं होतं, की ग्रीसमधल्या पिरियसच्या बंदरात मी टर्किश कॉफी मागितली तेव्हा कॅफेवाल्यानं कप पुढे करायच्या आधी माझा शब्द दुरुस्त केला. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली, की या वेळचं सगळं पान त्याच विषयाला दिलं आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. एकतीस वर्षं बोटीवर काढली, त्यातली अकरा ग्रीक मालकांच्या बोटींवर, बराच काळ सेकंड ऑफिसर म्हणून. जे बघितलं, ऐकलं आणि नंतर घरी बसून वाचून ताडून घेतलं, ते सांगतो.

ग्रीस आणि तुर्कस्तान दोघेही नाटोत आहेत, तरी मधूनच त्यांची आरमारं समोरासमोर येतात. हे वैर किती जुनं आहे आणि मूळ कशात आहे?
— एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

किती जुनं, हे ज्याला विचाराल त्याच्यावर आहे. ग्रीक माणूस २९ मे १४५३ वर बोट ठेवतो. त्या दिवशी सुलतान दुसऱ्या मेहमेदनं कॉन्स्टँटिनोपल घेतलं, म्हणजे आजचं इस्तंबूल. तो मंगळवार होता आणि मंगळवार तेव्हापासून ग्रीकांच्या मनातून उतरलेला आहे. आमचे एक ग्रीक कॅप्टन तेरा तारखेला मंगळवार आला, तर त्या दिवशी नव्या कामाला हात लावू देत नसत.

पण त्यानंतर साडेतीनशेहून जास्त वर्षं ग्रीक सुलतानाची प्रजा म्हणून राहिले. दर्जा दुय्यम, कर वेगळे, पण दरबारचे मोठे दुभाषे ग्रीक, व्यापारी गलबतांवरचे नाखवे ग्रीक, बाजारात दुकानाला लागून दुकान. म्हणून ‘पूर्वापार वैर’ असं कुणी म्हटलं की मला ते पटत नाही.

रक्त सांडायला लागलं १८२१ पासून. ग्रीकांनी उठाव केला आणि त्याच वर्षी ईस्टरच्या दिवशी सुलतानानं त्यांचे धर्मगुरू पाचवे ग्रेगरी यांना इस्तंबूलच्या धर्मपीठाच्या दारातच फासावर लटकवलं. ते दार तेव्हा बंद झालं ते आजही बंद आहे, लोक बाजूच्या दारानं आत जातात. मी तिथे गेलो आहे. काळा रंग दिलेलं साधं दार आहे, पण त्याच्यासमोर उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो. त्याच वर्षीच्या शरद ऋतूत ग्रीक बंडखोरांनी त्रिपोलित्सा शहर घेतलं आणि तिथल्या हजारो मुसलमानांची आणि ज्यूंची कत्तल केली. पुढच्या वर्षी, १८२२ मध्ये, सुलतानाच्या फौजांनी खिओस बेटावर हजारोंना मारलं आणि हजारोंना गुलाम म्हणून विकलं. या दोन कत्तलींपैकी एकच सांगणारा माणूस भेटला, तर त्यानं अर्धाच इतिहास वाचला आहे असं समजा.

खिओसवरून एक आपल्याकडचं आठवलं. या बेटावरची व्यापारी घराणी तेव्हा लंडन, मार्सेय अशी पांगली. त्यांतल्याच एका घराण्याची रॅली ब्रदर्स ही पेढी. १८६१ मध्ये तिनं मुंबईत कचेरी उघडली आणि आपल्या कापसाच्या व्यापारात मोठं नाव झाली. जुन्या मुंबईकरांना ते नाव ठाऊक आहे, पण ही माणसं मूळची कुठली हे फारसं कुणी सांगत नाही.

१८२७ मध्ये नवारिनोच्या उपसागरात ब्रिटिश, फ्रेंच आणि रशियन आरमारांनी मिळून सुलतानाचं आरमार बुडवलं आणि १८३० मध्ये ग्रीस स्वतंत्र देश म्हणून मान्य झाला. पण तो ग्रीस लहान होता. निम्म्याहून जास्त ग्रीक सीमेबाहेर, सुलतानाच्याच राज्यात राहिले. त्या सगळ्यांना एका झेंड्याखाली आणायचं, जमलं तर कॉन्स्टँटिनोपलही परत घ्यायचं, या स्वप्नाला ग्रीक ‘मेगाली इदेआ’ म्हणत, म्हणजे मोठी कल्पना. पुढची शंभर वर्षं ग्रीसचं राजकारण तिच्यावर चाललं. १९१२ मध्ये त्यांनी सुलतानाच्या ताब्यातलं सालोनिका शहर घेतलं. मुस्तफा केमाल, म्हणजे आधुनिक तुर्कस्तान उभारणारे पुढचे अतातुर्क, यांचं ते जन्मगाव. स्वतःचं गाव परमुलखात गेलेला माणूस पुढे तुर्की सैन्याचं नेतृत्व करतो, ही गोष्ट ग्रीक-तुर्क प्रश्न समजून घेताना विसरू नये.

आणि मग आलं १९१९. माझ्या मते आजच्या दुखण्याची गाठ इथे आहे, १४५३ मध्ये नाही. पहिल्या महायुद्धात तुर्कस्तान हरलेला. दोस्त राष्ट्रांच्या संमतीनं १५ मे १९१९ रोजी ग्रीक सैन्य स्मिर्ना बंदरात उतरलं. स्मिर्ना म्हणजे आजचं इझमीर. पहिल्याच दिवशी तुर्की सैनिक आणि नागरिक मारले गेले. पुढे ग्रीक सैन्य आत घुसत थेट अंकाऱ्याच्या दिशेनं गेलं. १९२१ मध्ये साकार्या नदीकाठी बावीस दिवस आणि बावीस रात्री लढाई झाली आणि तिथे ते अडलं. ऑगस्ट १९२२ मध्ये तुर्कांनी चढाई केली आणि आघाडी कोसळली. माघार घेताना ग्रीक सैन्यानं मनिसा, आलाशेहिर ही गावं जाळली. ९ सप्टेंबरला तुर्की घोडदळ इझमीरमध्ये शिरलं. चार दिवसांनी आग लागली. शहरातली ग्रीक आणि आर्मेनियन वस्ती जळून गेली, तुर्की आणि ज्यू वस्ती बहुतांशी वाचली. आग कुणी लावली यावर दोन देशांचं एकमत नाही. बऱ्याच प्रत्यक्षदर्शींनी तुर्की सैनिकांकडे बोट दाखवलं आहे. लाखो माणसं धक्क्यावर अडकली, मागे आग आणि पुढे पाणी, आणि समोर बंदरात दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौका नांगर टाकून उभ्या. कित्येक दिवस त्यांना तटस्थ राहण्याचेच हुकूम होते. दर्यावर चाळीस माणसांचा जीव सांभाळणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचताना आजही सहन होत नाही. बुडणाऱ्याला वर घ्यायचं, हा समुद्रावरचा पहिला नियम.

तुर्क या युद्धाला ‘कुर्तुलुश सावाशी’ म्हणतात, मुक्तिसंग्राम. ग्रीक नुसतं ‘कतास्त्रोफी’ म्हणतात, सर्वनाश. एकाची गोष्ट १५ मे १९१९ ला सुरू होते, दुसऱ्याची सप्टेंबर १९२२ ला. ज्या दिवशी आपल्याला लागलं, त्या दिवसापासून दोघं मोजतात.

एका वर्षी ९ सप्टेंबरला आमची बोट इझमीरच्या धक्क्यावर होती. विजयाचा दिवस, सगळीकडे लाल झेंडे, बंदरातल्या बोटींचे भोंगे वाजत होते, शाळेची मुलं रांगेनं चाललेली. आमचे एजंट मिठाईचा डबा घेऊन वर आले, मनापासून आले, आणि सगळ्यांना वाटत फिरले. आमचे चीफ इंजिनियर ग्रीक. ते त्या दिवशी केबिनमधून बाहेर आले नाहीत. संध्याकाळी मी त्यांचं जेवण घेऊन गेलो तेव्हा दिवा न लावता बसले होते.

आता समुद्राचं थोडक्यात. एजियनमध्ये ग्रीसची सागरी हद्द सहा मैल धरली जाते. आंतरराष्ट्रीय कायद्यानं बारा मैल घेता येतात, पण बेटं इतकी दाट आहेत की बारा घेतले तर जवळपास सत्तर टक्के समुद्र ग्रीसचा होतो आणि तुर्की बंदरांतून निघालेल्या बोटीला ग्रीक पाण्यातूनच जावं लागतं. १९९५ मध्ये तुर्की संसदेनं जाहीर केलं, की असं केलंत तर ते युद्धाचं कारण मानू. दुसऱ्याच वर्षी जानेवारीत ग्रीक ज्याला इमिया आणि तुर्क ज्याला कार्दाक म्हणतात, अशा दोन खडकांवरून युद्ध पेटता पेटता राहिलं. तिथे वस्ती नाही, शेळ्या चरतात. एकानं झेंडा लावला, दुसऱ्यानं काढला, कमांडो उतरले, एक ग्रीक हेलिकॉप्टर कोसळून तीन अधिकारी गेले. चार्टवर ते खडक पेन्सिलीच्या टिंबाएवढे. वाद वाढला की बोटीच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, बोटींसाठीच्या सूचना छापणाऱ्या नॅव्हटेक्स यंत्रातून दोन्ही देशांच्या सूचना पाठोपाठ निघत. एक म्हणे हा भाग आमच्या अखत्यारीत, दुसरा म्हणे पहिल्याची सूचना रद्दबातल समजा. मी दोन्ही कागद फाइलला लावून ठेवत असे.

लोकसंख्येची अदलाबदल केल्यावर तरी भांडण मिटलं का? आपल्या फाळणीशी याची तुलना करता येईल का?
— एक इतिहास शिक्षिका, नांदेड

बाई, तुमच्या प्रश्नासाठी मी त्या चीफ इंजिनियरांकडे परत जातो.

३० जानेवारी १९२३ रोजी स्वित्झर्लंडमधल्या लॉझान इथे करार झाला. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला जातील, ग्रीसमधले मुसलमान तुर्कस्तानला जातील. इच्छा असो वा नसो, आणि परत यायचं नाही. सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि चार लाखांच्या आसपास मुसलमान. ख्रिस्त्यांपैकी बहुतेक जण कागदावर सही होण्याआधीच जीव घेऊन पळालेले होते. अपवाद दोन: इस्तंबूल आणि दोन लहान बेटांवरचे ग्रीक, आणि ग्रीसच्या पश्चिम थ्रेसमधले मुसलमान. परिषदेत ब्रिटनच्या बाजूनं पुढाकार होता लॉर्ड कर्झनचा, आपल्याला वंगभंगामुळे माहीत असलेला तोच. हा उपाय अत्यंत वाईट आहे आणि जगाला शंभर वर्षं त्याची किंमत मोजावी लागेल, असं त्यानंच म्हटलं होतं. म्हटलं, आणि करार होऊ दिला.

निवड भाषेवर नव्हती, धर्मावर होती. चीफची आजी मध्य तुर्कस्तानात कप्पादोकियातल्या गेल्वेरी गावची. घराणं ख्रिस्ती, पण घरात भाषा तुर्कीच. तिथले ख्रिस्ती तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. देवाला ‘अल्लाह’च म्हणत, कारण तुर्कीत दुसरा रोजचा शब्द नव्हता. त्यांच्या मुलखात युद्ध आलंही नव्हतं. तरी १९२४ मध्ये गाव उठलं, संत ग्रेगरींच्या (फासावर गेलेले ते नव्हेत, हे प्राचीन काळचे) अस्थी उचलून बरोबर घेतल्या आणि उत्तर ग्रीसमध्ये कवालाजवळ जाऊन वसलं. गेल्वेरीचं ग्रीक नाव कार्वाली, म्हणून नव्या गावाला नेआ कार्वाली, म्हणजे नवं कार्वाली, म्हणतात. बदामाचे, पिठीसाखरेत घोळलेले कुराबिए तिथले प्रसिद्ध; आपल्या नानकटाईच्या जवळचा पदार्थ. चीफ प्रत्येक खेपेला एक डबा आणायचे.

ते सांगत, आजी शेवटपर्यंत ग्रीक नीट बोलू शकली नाही. बाजारात तोंड उघडलं की लोक ‘तुर्काचं बी’ म्हणत. म्हणून ती चीफना बरोबर न्यायची आणि सात-आठ वर्षांचा नातू तिच्या वतीनं भाव करायचा. अंगाई मात्र तुर्कीतच म्हणायची. इझमीरला त्या अंधाऱ्या केबिनमध्ये मी ताट ठेवलं तेव्हा बाहेर मुलांचं गाणं चालू होतं. चीफ म्हणाले, “शब्द कळतात मला. तेच होतं माझं वाईट.”

पलीकडेही हेच. क्रीट बेटावरून आलेल्या मुसलमानांना तुर्की येत नव्हती, त्यांची मातृभाषा ग्रीक. त्यांना नव्या गावात ‘अर्धे काफर’ म्हणत.

तर मिटलं का? एका अर्थानं मिटलं. १९३० मध्ये ग्रीसचे पंतप्रधान व्हेनिझेलोस अंकाऱ्याला गेले आणि मैत्रीचा करार झाला. ज्यांनी १९१९ मध्ये सैन्य पाठवलं होतं त्याच व्हेनिझेलोसनी १९३४ मध्ये अतातुर्कांचं नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवलं. पण जे अपवाद म्हणून मागे राहिले, ते ओलीस ठरले. सायप्रस बेटावरून (त्याविषयी पुढे येतंच) तापलं की इस्तंबूलच्या ग्रीकांवर राग निघायचा. ६ सप्टेंबर १९५५ च्या रात्री त्यांची हजारो दुकानं, घरं आणि चर्चेस फोडली गेली. १९६४ मध्ये ग्रीक नागरिकत्व असलेल्या हजारोंना देशाबाहेर काढलं. एकेकाळी लाखाच्या घरात असलेली ही वस्ती आज दोन-तीन हजारांवर आली आहे.

फाळणीशी संबंध नुसता तुलनेचा नाही, थेट आहे. डॉ. आंबेडकरांनी १९४० मध्ये पाकिस्तानवरच्या आपल्या ग्रंथात हेच उदाहरण दिलं. तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरिया या लहान, अपुऱ्या साधनांच्या देशांना अदलाबदल जमली, तर आपल्याला ती अशक्य का मानावी, असा त्यांचा युक्तिवाद होता. तो वाचताना लक्षात ठेवा, की ते नियोजनबद्ध स्थलांतराविषयी बोलत होते, मालमत्तेच्या हक्कांसह. १९४७ मध्ये आपल्याकडे नियोजन नव्हतं, आणि जे झालं ते आपण जाणतो. बाबासाहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवूनही मला वाटतं, लॉझानचा हिशेब त्या आजीला विचारून मांडायला हवा होता. दोन सरकारांची डोकेदुखी कमी झाली, ती तिच्या जिभेवरून.

आणखी एक, तुमच्या वर्गासाठी. आपल्या बखरींत मुसलमानांना ‘यवन’ म्हटलेलं असतं. तो शब्द मुळात ग्रीकांचा. आयोनिया या नावावरून आलेला, आणि आयोनिया म्हणजे इझमीरभोवतीचाच किनारा. आणि विजापूरची मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतणाऱ्या मुहम्मद बिन हुसेनच्या नावापुढे ‘रूमी’ आहे. रूम म्हणजे रोमनांचा मुलूख, पुढे तुर्कांचा झालेला. इस्तंबूलच्या ग्रीकांना तुर्क आजही ‘रूम’ म्हणतात. मुलांना हे दोन शब्द फळ्यावर लिहून दाखवा.

सायप्रसमध्ये आपले सेनाधिकारी होते असं ऐकलं. खरं का?
— निवृत्त सुभेदार, सातारा

खरं. १९६० मध्ये सायप्रस स्वतंत्र झालं, बहुसंख्य ग्रीक, अल्पसंख्य तुर्क. १९६३ च्या डिसेंबरात दंगे पेटले आणि १९६४ मध्ये संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना गेली. तिचे पहिले सेनापती जनरल ग्यानी, नंतर जनरल थिमय्या. थिमय्या १९६५ च्या डिसेंबरात तिथेच, कामावर असताना वारले. जुलै १९७४ मध्ये अथेन्सच्या लष्करी राजवटीनं तिथे बंड घडवलं आणि पाच दिवसांत तुर्की सैन्य उतरलं, तेव्हा शांतिसेनेच्या प्रमुखपदी जनरल प्रेम चंद होते. बेट तेव्हापासून दुभंगलेलं आहे. निकोसियाचा जुना विमानतळ शांतिसेनेच्या ताब्यात आहे आणि बंद आहे. पिरियसच्या कॅफेवाल्यानं माझा शब्द दुरुस्त केला त्याचं कारणही हेच: १९७४ नंतर ग्रीसमध्ये टर्किश कॉफीची सरसकट ‘ग्रीक कॉफी’ झाली.

या दोघांनी एकमेकांना कधी मदत केली आहे का?
— एक वाचक, वसई

केली आहे. ऑगस्ट १९९९ मध्ये इझमितला भूकंप झाला तेव्हा ग्रीक पथकं धावली आणि तीन आठवड्यांनी अथेन्स हादरलं तेव्हा तुर्की पथकं. फेब्रुवारी २०२३ मध्येही ग्रीक जवान ढिगारे उपसायला गेले. हे पुष्कळांना माहीत आहे. मी तुम्हाला एका बोटीची गोष्ट सांगतो.

१९४१ च्या हिवाळ्यात ग्रीस जर्मन, इटालियन आणि बल्गेरियन ताब्यात होता. ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरून धान्य येत नव्हतं, आतलं शत्रूनं नेलेलं. अथेन्सच्या रस्त्यांवर माणसं उपासमारीनं पडून मरत होती. तेव्हा तुर्कस्तान तटस्थ होता. तिथून रेड क्रेसेंटनं, म्हणजे रेड क्रॉसच्याच धर्तीच्या मदतसंस्थेनं, एक जुनी मालवाहू आगबोट भाड्यानं घेतली, १८८३ मध्ये बांधलेली. दोन्ही बाजूंना मोठी लाल चंद्रकोर रंगवली, म्हणजे पाणबुड्यांनी ओळखावं. धान्य, कडधान्य, कांदे, अंडी भरली आणि ती इस्तंबूलहून पिरियसला गेली. चार खेपा झाल्या. पाचव्या खेपेला, जानेवारी १९४२ मध्ये, मारमारा समुद्रात वादळात ती खडकावर आदळली आणि बुडाली. खलाशी वाचले. काम थांबलं नाही, दुसऱ्या बोटींनी ते पुढे नेलं.

अठ्ठावन्न वर्षांची बोट, हिवाळ्यातला मारमारा, भोवती युद्ध. त्या खलाशांनी काय पत्करलं होतं हे मला कळतं, कारण त्या पाण्यात जानेवारीत मी नव्या बोटीवरही घाबरलो आहे. आणि त्यांच्यातले चाळिशीपलीकडचे जे असतील, ते वीसच वर्षांपूर्वी ग्रीकांशी लढलेल्या पिढीचे. बोटीचं नाव होतं ‘कुर्तुलुश’. मुक्ती. ज्या शब्दानं तुर्क ग्रीकांवरचा विजय सांगतात, तोच शब्द नाळेवर लिहिलेली बोट पिरियसला धान्य घेऊन लागली होती.

आम्ही दोघं, वय ६४ आणि ६१, पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही देश बघणार आहोत. काय चुकवू नये?
— एक दांपत्य, डोंबिवली

ग्रीसचा शेंगेन व्हिसा आणि तुर्कस्तानचा व्हिसा वेगळा, दोन्ही आधी काढा. मग विमानानं एका राजधानीतून दुसऱ्या राजधानीत जाऊ नका. लेस्बोस बेटाच्या मितिलिनी बंदरातून फेरीबोट धरा आणि समोरच्या आयवालिकला उतरा. दीड तासाच्या आत पोहोचाल. आयवालिकमध्ये ‘साआतली जामी’ म्हणजे घड्याळाची मशीद विचारा. आत गेल्यावर तुमच्याच लक्षात येईल की हे चर्च होतं. तिथून जुंदा बेटावर जा. क्रीटहून आणि लेस्बोसहून आलेल्यांची नातवंडं-पतवंडं तिथे राहतात. ऑलिव्हच्या तेलातल्या रानभाज्या खा, त्या क्रीटच्या पद्धतीच्या आहेत.

कॉफीत साखर मागाहून घालत नाहीत, ती उकळतानाच पडते, म्हणून आधी सांगावं लागतं. ग्रीसमध्ये ‘एलिनिको’ म्हणा. बिनसाखरेची हवी तर ‘स्केतो’, मध्यम गोड ‘मेत्रिओ’. पलीकडे मध्यमला ‘ओर्ता’, गोडला ‘शेकेरली’ आणि बिनसाखरेला ‘सादे’, हे तर तुम्हाला पाठ करायलाच नको. कप आला की गाळ तळाशी बसेपर्यंत दोन मिनिटं हात लावू नका.